दारात आलेला डेप्युटी नेमका कोणत्या कामासाठी आला होता?

कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोहून एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. मंगळवारी दुपारी आम्ही दोघेही कामावर असताना कमरेला पिस्तूल लावलेला, गणवेशातील एक अधिकारी दारात आला. त्याने बाबांना काहीतरी विचारले आणि त्यांच्या हातात एक पाकीट देऊन तो निघून गेला. गाडीवर शेरीफ असे लिहिलेले होते. पाकिटावरचे नाव आमचे नाही, बहुधा आमच्याआधी या घरात राहणाऱ्या भाडेकरूचे असावे. तेव्हापासून बाबा फिरायला बाहेर पडायला तयार नाहीत. मुंबईचा शेरीफ म्हणजे पाहुण्यांना हार घालणारा, एवढेच त्यांना ठाऊक. इथला शेरीफ म्हणजे पोलीसच का? आमच्या गावाला स्वतःचे पोलीस नाहीत का? आणि या पाकिटाचे आता काय करायचे?’

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या एका काउंटीच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याच्या, शेरीफ कार्यालयात मी चोवीस वर्षे नोकरी केली. पहिली पाच वर्षे तुरुंगात गेली, मधली बरीचशी गस्तीवर आणि शेवटची सहा दिवाणी विभागात, म्हणजे नेमकी अशी पाकिटे वाटण्यात. त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर जरा तपशिलाने देतो. पाकिटाचे काय करायचे ते शेवटी सांगेन, तोवर ते फेकू नका आणि त्यावर काही लिहूही नका.

बाबांच्या मनातला शेरीफ चुकीचा नाही, तो फक्त गोष्टीचा शेवट आहे. मुंबईच्या शेरीफला आपण नगरपाल म्हणतो. शहरातील एखाद्या मान्यवर व्यक्तीला वर्षभरासाठी दिले जाणारे ते मानाचे पद होय. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ असे दोनदा नगरपाल होते, आणि माझ्या पिढीला १९९४ मधली सुनील गावसकरांची नेमणूक आठवते. परंतु या पदाचा उगम हारतुऱ्यांत नाही. इंग्रजी कायद्यात शेरीफ म्हणजे न्यायालयाचा हुकूम कागदावरून जमिनीवर आणणारा माणूस. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयात आजही शेरीफचे कार्यालय आहे, आणि थकलेल्या देण्यापोटी बंदरात उभे असलेले एखादे जहाज अटकवून ठेवायचे झाले तर तो हुकूम याच कार्यालयाकडून बजावला जातो. मुंबईच्या नगरपालाकडे हार राहिले आणि दंडुका गेला. अमेरिकेत नेमके उलटे झाले.

मूळ इंग्रजी शब्द जुन्या इंग्लंडमधल्या ‘परगण्याचा कारभारी’ या अर्थाच्या जोडशब्दावरून आला. आपल्याकडच्या देशमुखासारखा वसूल आणि बंदोबस्त अशी दोन्ही कामे पाहणारा हा राजाचा माणूस होता. अमेरिकेत राजा गेला आणि त्याच्या जागी मतदार आले. देशभर आज तीन हजारांहून अधिक शेरीफ आहेत आणि त्यांतले जवळजवळ सगळे थेट निवडून येतात. अपवाद थोडे आहेत. अलास्कात आपल्या समजुतीतले काउंटी सरकारच नाही, आणि कनेटिकटने २००० मध्ये हे पद मोडीत काढले. बाबांना समजावून सांगायचे असेल तर मी असे सांगेन: आपल्या जिल्ह्याचा ग्रामीण पोलीस अधीक्षक, जिल्हा कारागृहाचा अधीक्षक आणि दिवाणी न्यायालयाचा बेलीफ ही तीन माणसे एका खुर्चीत बसवा आणि त्या खुर्चीची निवडणूक घ्या. कॅलिफोर्नियाच्या ५८ पैकी बहुतेक काउंट्यांत यात चौथा माणूसही मिसळतो, कारण तिथे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनरही शेरीफच असतो. तुमच्या सॅन्टा क्लारा काउंटीत मात्र ते काम स्वतंत्र वैद्यकीय कार्यालयाकडे आहे.

म्हणूनच दारात डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा अधिकारी, दिसला की मनात पहिला प्रश्न ‘आपण काय केले?’ हा येऊ देऊ नये. हा यांतल्या कोणत्या कामासाठी आला आहे, हे आधी विचारावे. त्याच्या छातीवरचा तारा तोच असतो, गाडी बहुधा तीच असते, पण काम बदलले की त्याचे अधिकार बदलतात आणि तुमचे हक्कही बदलतात. चोवीस वर्षांत मी पाहिलेल्या आपल्या लोकांच्या बहुतेक घोळांचे मूळ हा फरक न कळण्यात होते.

तुमच्या गावाला स्वतःचे पोलीस नाहीत, हे खरे आहे. काउंटीत १५ शहरे आहेत. सॅन होजेसारख्या शहरांकडे स्वतःचे पोलीस खाते आहे, आणि सनीव्हेलने तर पोलीस व अग्निशमन ही दोन्ही कामे एकाच खात्यात घातली आहेत, तिथला अधिकारी दोन्ही शिकलेला असतो. कुपर्टिनो, सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स या तीन शहरांनी मात्र स्वतंत्र खाते न उभारता शेरीफ कार्यालयाशी करार केलेला आहे. शहर काउंटीला पैसे देते आणि काउंटी गस्त, तपास, वाहतूक असे सारे पुरवते. ही पद्धत लॉस एंजेलिस काउंटीतल्या लेकवुड या शहराने १९५४ मध्ये रूढ केली आणि तिथल्या शेरीफकडे आज अशी चाळीसहून अधिक शहरे आहेत. करार असल्याचा एक फायदा नागरिकांच्या ध्यानात येत नाही. शाळेजवळ सकाळी वाहनांचा गोंधळ होतो किंवा एखाद्या गल्लीत घरफोड्या वाढल्या आहेत, अशी तक्रार तुम्ही शहराच्या नगर परिषदेत मांडू शकता, कारण सेवा विकत घेणारे गिऱ्हाईक ती परिषद आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या व्हीटीए संस्थेनेही सुरक्षेसाठी शेरीफशीच करार केलेला होता. २६ मे २०२१ रोजी सॅन होजेच्या तिच्या रेल्वे यार्डात गोळीबार होऊन नऊ कर्मचारी मारले गेले, तेव्हा शेरीफचे मुख्यालय अगदी शेजारीच असल्यामुळे डेप्युटी काही मिनिटांत आत शिरले होते.

न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा टेक्ससातल्या शुगर लँडला राहणाऱ्या नातेवाइकांचे अनुभव तुम्हाला तसेच लागू पडणार नाहीत. न्यू जर्सीत गस्त मुख्यतः गावच्या पोलिसांची असते, तर शेरीफ न्यायालये, समन्स आणि जप्त घरांचे लिलाव पाहतो. टेक्ससात कागद बजावण्याचे बरेचसे काम कॉन्स्टेबल हा आणखी एक निवडून आलेला अधिकारी करतो. व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘अमेरिकेत शेरीफ आला तर’ छापाचे संदेश म्हणूनच मी कधी पुढे पाठवत नाही.

आता दिवाणी विभागाविषयी, कारण तुमच्या दारात आलेला माणूस बहुधा तिथलाच होता. समन्स, साक्षीदाराला बोलावणे, पगारातून वसुलीचा हुकूम, बँक खात्यावरची टाच, घराचा ताबा आणि संरक्षणाचे आदेश हे सगळे आमच्या टेबलावर येत असे. यांत तो अधिकारी वादातला पक्ष नसतो. कोणाचे चुकले, कोणाचे बरोबर, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असून उपयोगही नसतो. त्याने कागद योग्य माणसाला दिला आणि तसे प्रतिज्ञेवर नोंदवले, की त्याचे काम संपते. ‘कागद घेतलाच नाही, म्हणजे केस होणार नाही’ अशी एक समजूत आपण सोबत घेऊन येतो. गावाकडे बेलिफाला टाळण्यासाठी मागच्या दाराने शेतात निघून जाणारे काका मीही पाहिले आहेत. इथे ते चालत नाही. माणूस समोर असून कागद घेत नसेल तर तो त्याच्यापुढे ठेवला तरी बजावणी पूर्ण होते, आणि वारंवार येऊनही तो भेटला नाही तर घरातल्या सज्ञान व्यक्तीच्या हाती देऊन वर टपालाने पाठवता येतो. दार न उघडल्याने फक्त उत्तर द्यायची मुदत वाया जाते.

सर्वांत जड जाई ते घराचा ताबा घेण्याचे काम. कॅलिफोर्नियात घरमालकाला स्वतःहून कुलूप बदलता येत नाही, भाडे कितीही थकलेले असो. त्याला न्यायालयात जावे लागते, निकाल लागला की ताब्याचा हुकूम आमच्याकडे येतो, आम्ही दारावर पाच दिवसांची नोटीस लावतो, आणि ती संपल्यावर डेप्युटी, मालक आणि कुलूपवाला असे तिघे दारात उभे राहतात. एका सकाळी असे दार उघडले तेव्हा गॅसवर कुकर होता. घरातली बाई आंध्रची, नवरा महिनाभरापूर्वी नोकरी जाऊन भारतात परतलेला, आणि दारावरची नोटीस तिला एखाद्या जाहिरातीसारखी वाटलेली. हुकूम थांबवण्याचा अधिकार मला नव्हता. कुकरची शिटी होऊन गॅस बंद करेपर्यंत आणि मुलाची औषधे, पासपोर्ट व कपडे पिशवीत भरेपर्यंत थांबणे एवढे माझ्या हातात होते, आणि मालकाला ते मान्य करायला लावले. सामान आत राहिले तरी ते मालकाचे होत नाही. पंधरा दिवस त्याला ते सांभाळावे लागते, हे तिला त्या दिवशी माझ्याकडूनच कळले. नोटीस लागली त्याच दिवशी तिने न्यायालयाच्या मदत केंद्राची पायरी चढली असती, तर कदाचित आणखी काही दिवस मिळाले असते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण या बाबतीत विसरलेली बरी.

त्याच विभागाचे ज्याचा मला अभिमान वाटतो असे काम म्हणजे कौटुंबिक हिंसाचारातले संरक्षण आदेश. हा आदेश बजावायला शेरीफ शुल्क घेत नाही. रात्री-अपरात्री मारहाण झाली असेल तर घटनास्थळावरचा डेप्युटी कामावर असलेल्या न्यायाधीशांना फोन करून तिथल्या तिथे तातडीचा आदेश मिळवू शकतो. तो न्यायालयाच्या कामकाजाचे पाच दिवस किंवा एकूण सात दिवस, यांपैकी जे आधी संपेल तोवर टिकतो, आणि तेवढ्या वेळात पीडितेने न्यायालयात पुढचा अर्ज करायचा असतो. घर सोडलेल्या बाईला वस्तू आणायला परत जायचे असेल, तर सोबत उभे राहण्यासाठी डेप्युटी मागता येतो. अशा फेऱ्यांत साधारण पंधरा-वीस मिनिटे मिळतात, म्हणून मी आधी गाडीतच यादी करायला सांगत असे: पासपोर्ट, व्हिसाचे कागद, मुलांचे जन्मदाखले, औषधे. एका मुलीने यादीतले सगळे घेतले, दारापर्यंत आली, परत वळली आणि देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण रुमालात गुंडाळून घेऊन आली. नवरा म्हणाला, तो माझ्या आईचा आहे. मालकीचा वाद सोडवणे माझे काम नव्हते. तिने मूर्ती परत ठेवली आणि रुमाल तेवढा घेतला. अवलंबित व्हिसावर आलेल्या स्त्रियांना वाटते की तक्रार केली तर नवऱ्याची नोकरी आणि आपला मुक्काम दोन्ही जातील. तपासात सहकार्य करणाऱ्या पीडितांसाठी यू नावाचा स्वतंत्र व्हिसा आहे, आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र शेरीफसारख्या यंत्रणेकडूनच मागावे लागते. सॅन्टा क्लारा परिसरात १९९१ पासून काम करणारी मैत्री ही संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांना यात मदत करते. पोलिसांशी बोलायची भीती वाटत असेल तर आधी तिथे बोलावे.

तुरुंगाविषयी लोक विचारत नाहीत, आणि शेरीफच्या कामाचा सर्वांत मोठा भाग तोच असतो. तुमच्या काउंटीत सॅन होजेचा मुख्य तुरुंग आणि मिलपिटासचा एल्मवुड अशी दोन ठिकाणे आहेत. हे राज्याचे कारागृह नव्हे. इथले बहुसंख्य लोक आपल्या भाषेत कच्चे कैदी असतात, ज्यांचा खटला अजून व्हायचा आहे. अटकेनंतर साधारण ४८ तासांत, रविवार व सुट्ट्या वगळून, न्यायाधीशांपुढे उभे करावे लागते, आणि पहिल्या तीन तासांत किमान तीन फोन करू देण्याचे बंधन आहे. लहान मूल सांभाळणाऱ्याला त्याच्या व्यवस्थेसाठी आणखी दोन मिळतात. माझा अनुभव असा की फोन मिळतात, नंबर मिळत नाहीत. मोबाईल जमा झालेला असतो आणि बायकोचा नंबर कोणाला पाठ नसतो. एका अभियंत्याला त्या रात्री आठवलेला एकमेव नंबर त्याच्या लहानपणच्या सांगलीच्या घराचा होता, आणि ती लाइन दहा वर्षांपूर्वी बंद झालेली होती. आज घरी गेलात की एक नंबर पाठ करा.

दुसरी गोष्ट: तुरुंगातून केलेले फोन ध्वनिमुद्रित होतात, वकिलाशी केलेले सोडून. ‘मराठीत बोललो म्हणजे यांना काय कळणार’ असे समजून भावाला सगळी हकिकत सांगणारे मी पाहिले आहेत. ते मुद्रण सरकारी वकिलाकडे जाते, दुभाषी भाषांतर करतो, आणि ते वाक्य न्यायालयात इंग्रजीत वाचले जाते. फोनवर ‘मी ठीक आहे, वकील बघा’ एवढेच बोलावे. भारतीय नागरिकाला आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क व्हिएन्ना करारानुसार आहे. भारताच्या बाबतीत अधिकारी आपणहून कळवत नाहीत, तुम्ही हो म्हणावे लागते. जामिनाचे पैसे स्वतः भरलेत तर खटला संपल्यावर परत मिळतात. दलालामार्फत भरलेत तर त्याचे साधारण दहा टक्के कायमचे गेले, आरोप दुसऱ्या दिवशी मागे घेतला तरीही.

तुरुंगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी जाहिरात केल्यासारखे होईल. ऑगस्ट २०१५ मध्ये सॅन होजेच्या मुख्य तुरुंगात मानसिक आजार असलेला एक कैदी मारहाणीने मरण पावला. तीन तुरुंग-डेप्युटींना २०१७ मध्ये खुनासाठी दोषी ठरवले गेले, आणि मधल्या काळात कायदा बदलल्यामुळे २०२२ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. त्या मृत्यूनंतर काउंटीला स्वतंत्र देखरेख कार्यालय नेमावे लागले. तुरुंगात पाच वर्षे काढलेला माणूस म्हणून मला वाटते की दोष काही माणसांचा होता तसा एका समजुतीचाही होता. मानसिक रुग्णांना ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून समाज त्यांना तुरुंगात ठेवतो आणि हातात काठी असलेल्याला त्यांची शुश्रूषा करायला सांगतो. यात थोडा बदल होत आहे. जुलै २०२२ पासून ९८८ हा मानसिक संकटासाठीचा स्वतंत्र नंबर सुरू झाला. घरातल्या कोणाच्या जिवाला तत्काळ धोका नसेल, पण मन ताळ्यावर नसेल, तर ९११ या नेहमीच्या आपत्कालीन नंबराच्या आधी ९८८ लावावा. डेप्युटी आलाच तर त्याच्याकडे अशा माणसाला ७२ तासांपर्यंत तपासणीसाठी रुग्णालयात नेण्याचा अधिकार असतो. ती अटक नव्हे, तरी बेड्या लागलेल्या पाहून घरच्यांचा धीर सुटतो.

गस्तीवरचा डेप्युटी म्हणजे सर्वांना दिसणारा डेप्युटी, आणि आपले लोक चुकतात ते रस्त्यावर. भारतात पोलिसाने गाडी थांबवली की आपण उतरून, कागद घेऊन, साहेबांकडे चालत जातो. तो आदर असतो. इथे रात्री अकरा वाजता कोणी दार उघडून माझ्याकडे चालत आला, की माझा हात नकळत कमरेकडे जात असे, कारण मला शिकवलेलेच तसे होते. गाडी उजवीकडे घ्यावी, आतच बसावे, दिवा लावावा, हात स्टिअरिंगवर दिसू द्यावेत, आणि कप्प्यातून कागद काढायचा तर आधी सांगून काढावा. २०२४ पासून कॅलिफोर्नियात अधिकाऱ्याने इतर प्रश्न विचारण्याआधी थांबवण्याचे कारण सांगणे बंधनकारक आहे. ‘माहीत आहे का तुम्हाला का थांबवले?’ हा आमचा जुना, लोकांना कबुली द्यायला लावणारा प्रश्न त्यामुळे गेला. गेला ते बरे झाले.

इमिग्रेशनबाबत राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये संमत झालेल्या कायद्याने स्थानिक अधिकाऱ्यांना लोकांचा इमिग्रेशन दर्जा विचारण्यास मनाई केली. अन्यत्र अनेक शेरीफांनी १९९६ च्या केंद्रीय कायद्यातील तरतुदीनुसार संघराज्याच्या इमिग्रेशन यंत्रणेला मदत करण्याचे करार केले आहेत. पण कॅलिफोर्नियात राहतो म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तुरुंगात नोंद होताना घेतलेले बोटांचे ठसे केंद्राकडे जातातच, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरून परराष्ट्र खात्याने विद्यार्थी व नोकरदार व्हिसा रद्द केल्याची उदाहरणे आहेत. डेप्युटी विचारणार नाही, पण संगणक सांगेल.

वणवा, पूर आणि डोंगरात हरवलेली माणसे ही कामेही शेरीफचीच. शोधपथके बहुतांशी स्वयंसेवकांची असतात आणि तुमच्यापैकी सह्याद्रीत भटकलेल्यांनी त्यात जरूर जावे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्यूट काउंटीच्या वणव्यात ८५ माणसे गेली, तेव्हा लोकांना बाहेर काढणारे आणि नंतर राखेतून मृतांची ओळख पटवणारे कार्यालय एकच होते. घर सोडण्याची सूचना देताना ‘वॉर्निंग’ म्हणजे तयारीला लागा आणि ‘ऑर्डर’ म्हणजे आत्ता निघा, हा फरक आई-बाबांना आजच सांगून ठेवावा. काउंटीच्या अलर्टएससीसी या आपत्कालीन सूचना सेवेत त्यांचाही मोबाईल नोंदवावा.

शेरीफ निवडून येतो याचा अर्थ त्याला वरिष्ठ नसतो. काउंटीचे पर्यवेक्षक मंडळ त्याचे अंदाजपत्रक ठरवते, पण त्याला सहजासहजी काढू शकत नाही. तुमच्या काउंटीत लॉरी स्मिथ १९९८ मध्ये निवडून आल्या, कॅलिफोर्नियातल्या त्या पहिल्या निर्वाचित महिला शेरीफ. चोवीस वर्षांनी, छुपे शस्त्र बाळगण्याचे परवाने देण्यात पक्षपात केल्याच्या व अन्य आरोपांवरून त्यांच्यावर नागरी ग्रँड ज्यूरी, म्हणजे कारभाराची चौकशी करणारे नागरिकांचे मंडळ, हिच्यामार्फत कारवाई झाली. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि तीन दिवसांनी ज्यूरीने आरोप सिद्ध झाल्याचा निर्णय दिला. पुढच्या निवडणुका अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी याव्यात म्हणून २०२२ मध्ये निवडून आलेल्या बहुतेक शेरीफांची मुदत सहा वर्षांची झाली आहे, म्हणजे २०२८ पर्यंत. नागरिकत्व घेतलेले आपले बरेच लोक अध्यक्षाला मत देतात आणि मतपत्रिकेचा खालचा भाग कोरा सोडतात. शेरीफ त्या खालच्या भागात असतो.

एक इशारा बाबांसाठी खास. या भेटीनंतर घरी फोन येऊन कोणी ‘मी शेरीफ कार्यालयातून बोलतो, तुमच्या नावाचे वॉरंट आहे, ज्यूरीच्या कामाला हजर राहिला नाहीत, आत्ता गिफ्ट कार्डाने पैसे भरा’ असे म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. नाव खऱ्या अधिकाऱ्याचे सांगतील, नंबरही खरा दिसेल. भारतात ‘डिजिटल अटक’ म्हणून जो प्रकार चालतो, त्याचाच हा भाऊबंद आहे. कोणतेही शेरीफ कार्यालय फोनवर वॉरंटचे पैसे घेत नाही. तुमच्या दारात आलेला माणूस मात्र खरा होता, आणि त्याने पैसे मागितले नाहीत.

आता पाकीट. त्यावर किंवा आतल्या पहिल्या पानावर वर उजवीकडे खटल्याचा क्रमांक असेल, आणि शेरीफ कार्यालयाचा स्वतंत्र फाइल क्रमांकही बहुधा असेल. काउंटीच्या संकेतस्थळावरून दिवाणी विभागाचा नंबर घ्या, कागदावर हाताने लिहिलेल्या नंबरावर फोन करू नका. त्यांना सांगा की या नावाची व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही, आम्ही अमुक तारखेपासून भाड्याने राहतो, आणि कागद माझ्या वडिलांच्या हाती दिला गेला. ते तशी नोंद करतील, आणि कागद परत कसा द्यायचा ते तेच सांगतील. जुन्या भाडेकरूच्या देण्याशी तुमचा संबंध नाही, तुम्ही न्यायालयात उत्तर द्यायचे नाही. एकच अपवाद तपासून पाहा. कागद घराच्या ताब्याच्या खटल्याचा असेल आणि त्यात नावाच्या पुढे ‘इतर सर्व रहिवासी’ असा उल्लेख असेल, तर तो तुम्हालाही लागू होतो. अशा वेळी आपला हक्क सांगणारा अर्ज भरायला दहाच दिवस असतात, आणि दावा ज्याच्या नावाने आहे त्यालाही उत्तरासाठी २०२५ पासून न्यायालयीन कामकाजाचे दहा दिवस मिळतात, पूर्वी पाचच मिळत. तसे असेल तर मंगळवारपासून दिवस मोजा आणि उद्याच न्यायालयाच्या मदत केंद्रात जा.

राहता राहिले बाबांचे फिरणे. त्यांच्या भीतीला मी हसणार नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन शहरात, नातवाला सांभाळायला आलेल्या ५७ वर्षांच्या गुजराती आजोबांना सकाळी फिरताना एका पोलिसाने जमिनीवर आपटले आणि त्यांच्या शरीराची हालचाल अधू झाली. शेजाऱ्याने संशयित माणूस म्हणून फोन केला होता, आणि आजोबांना इंग्रजी येत नव्हते. त्यामुळे दोन गोष्टी करा. बाबांच्या खिशात एक कार्ड ठेवा, त्यावर इंग्रजीत नाव, घरचा पत्ता, तुमचा नंबर आणि ‘मला मराठी येते, दुभाषी द्या’ एवढे लिहा. कोणी थांबवले तर हात खिशात न घालता, बाजूला मोकळे ठेवून उभे राहायचे आणि फक्त ‘मराठी’ असे म्हणायचे. कार्ड कुठे आहे ते बोटाने दाखवायचे, स्वतः काढायचे नाही. डेप्युटीला फोनवर दुभाषी मिळतो. एवढी तयारी झाली की शनिवारी तुम्ही स्वतः बाबांना घेऊन नेहमीच्या वाटेने एक फेरी मारा, आणि वाटेत गस्तीची गाडी दिसली तर हात करा. आम्ही उलट हात करतो, कंटाळवाण्या शिफ्टमध्ये तर आनंदाने.